क्रेट मोजताना कोण बोलणार?

(डहाणू-तलासरी परिसरातील महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



फळबागेच्या कामासाठी संवाद आणि एकत्र काम करण्याचे कौशल्य, असा विषय मला बोलायला दिला आहे. बागकामाच्या प्रशिक्षणात हल्ली या नावाचा एक पाठच असतो. स्पष्ट बोला, समोरच्याच्या डोळ्यांत पाहा, हसतमुख राहा, वरिष्ठांच्या सूचना नीट ऐका, असे त्यात सांगतात. कैनाडच्या एका पाड्यावर आम्ही हा पाठ घेतला तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मुकादमाच्या डोळ्यांत पाहून बोलले तर दुसऱ्या दिवशी टेंपोत जागा नसते, हे त्यांना माहीत होते. पाठ वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण ज्याला उद्याच्या रोजाची काळजी नाही अशा माणसाने तो लिहिला आहे, हे वाचताक्षणी कळते.

आणि एकत्र काम करणे या बायकांना कोण शिकवणार? चिकूचे भेट कलम बांधताना पाहा. पिशवीतले खिरणीचे रोप चांगल्या चिकूच्या फांदीजवळ आणतात, दोन्हींची साल सारख्याच लांबीची तासतात, काप एकमेकांवर बसवून पट्टी घट्ट गुंडाळतात. एकीने रोप धरायचे, दुसरीने बांधायचे. काप जुळले नाहीत, मध्ये फट राहिली, तर कलम वाळते. तिथे त्या दोघी तोंडाने फार बोलत नाहीत, पण हाताला हात कळत असतो. किंवा निवडीचे काम घ्या. झाडावरून फळ उतरवणारा बहुधा पुरुष, खाली निवडणाऱ्या बायका. फळावर नखाने हलकेच ओरखडले आणि हिरवी रेघ उमटली, चीक आला, तर फळ अजून तयार नाही. हे खाली बसलेल्या बाईला आधी कळते. तिने वर हाक मारून सांगितले नाही तर दिवसभर कच्ची फळे उतरतील. ही हाक म्हणजे संवादच. पण वर चढणाऱ्याचे काम कसबाचे आणि खाली निवडणारीचे हलके, असे धरून रोज ठरतो. समान मोबदल्याचा कायदा १९७६ साली झाला, तरी कामाला ‘हलके’ म्हटले की समान मोबदला वाडीच्या फाटकाबाहेरच राहतो.

तेव्हा आमच्यापुढे प्रश्न वेगळा होता. दिवसभर आपसात इतके नेमके बोलणाऱ्या बायका संध्याकाळी क्रेट मोजताना गप्प का होतात?

मोजणीला काय होते ते सांगते. तिथे मजुरी क्रेटमागे ठरलेली होती. संध्याकाळी मोजताना डागी फळे निघाली म्हणून काही क्रेट वजा व्हायचे. वजा झालेली फळे फेकली जात नव्हती, तीही गाडीत चढत होती. निवडणारीची मजुरी तेवढी कापली जायची. हे सगळ्यांना दिसत होते. घरी जाताना वाटभर सगळ्या त्यावरच बोलायच्या. मोजणीच्या जागी मात्र कोणी नाही. एखादी न राहवून बोललीच, तर ती ‘भांडखोर’ ठरायची आणि दोन दिवस तिला कोणी बोलवायचे नाही. मग पुढच्या वेळी तीही गप्प.

आम्ही पाठातली पाने बाजूला ठेवली आणि पाड्यावरच मोजणीचा खेळ केला. एक बाई मुकादम झाली. काय सांगू तुम्हाला! मुकादमाचे एकेक वाक्य, कमरेवर हात ठेवण्याची ढब, सारे तिला पाठ. बाकीच्या उत्तर द्यायला उभ्या राहिल्या आणि सगळ्या एकदम बोलू लागल्या. कोणी आजचे क्रेट सांगते, कोणी मागच्या वर्षीची उचल काढते, कोणी जावेचे भांडण. ‘मुकादमीण’ म्हणाली, तुमचे तुम्ही ठरवा आधी, आणि निघून गेली. खरा मुकादमही असेच करतो.

यावरून मग आपल्याच भागातली जुनी गोष्ट निघाली. म्हाताऱ्या बायकांनी ती आईबापांकडून ऐकलेली आहे. मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची परिषद झाली, गोदावरी आणि शामराव परुळेकर तेव्हा या भागात काम करत होते. त्या वर्षी गवतकापणीच्या वेळी मागणी होती, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. तिच्यासाठी माणसांनी काम थांबवले. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली. त्या धैर्याबद्दल आपण नेहमी बोलतो. मला आज त्या मागणीचे शब्द दाखवायचे आहेत. एक माप, एक रक्कम. लिहितावाचता न येणारा माणूस ती एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जशीच्या तशी नेऊ शकत होता. मालकाच्या माणसाने कोणालाही गाठले तरी उत्तर एकच मिळणार.

कैनाडच्या गटाने आपले वाक्य ठरवायला तीन बैठका घेतल्या. शेवटी उरले ते असे: क्रेट आमच्या समोर मोजा, आणि जो क्रेट गाडीत चढला त्याची मजुरी द्या. ते वाक्य मराठीत आणि वारलीत दोन्हीकडे घोकले. शेठ गुजरातीत बोलायला लागला तरी आपण आपल्याच वाक्यावर राहायचे, हेही ठरले. आपल्या बोलीत बोललो तर अडाणी दिसू, ही लाज फार खोल असते. याच भागात कोसबादच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुले गुरे चारतात तिथे कुरणशाळा नेली. मुलांसाठी जे केले ते मोठ्या बायकांसाठी का नको? आम्ही बैठका शाळेच्या खोलीत घेत नाही. पाड्यावर, जेवणे उरकल्यावर घेतो.

कामेही वाटली. पोरींपैकी जिला लिहिता येते ती वहीत क्रेट लिहिते. दोघी गाडीपाशी उभ्या राहतात. एक बोलते, आणि बोलणारी दर आठवड्याला बदलते. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्या संघटनांतही एक धीट बाई सापडली की आपण तिलाच कायम पुढे करतो. मग तिला फोडणे किंवा कामावरून काढणे सोपे होते, आणि बाकीच्या ऐकणाऱ्याच राहतात.

सगळ्या तयार झाल्या असे समजू नका. एकीने पावसाळ्यात उचल घेतली होती. ती फिटेपर्यंत माझ्याने बोलवणार नाही, असे तिने सरळ सांगितले. काहींना राग आला. त्यावर बरीच वादावादी होऊन ठरले की उचल असलेल्या बायकांना बोलण्याच्या पाळीतून सोडायचे, वहीतून नाही. त्यांचेही क्रेट लिहायचे. एकजूट म्हणजे सगळ्यांनी सारखाच धोका पत्करणे, असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. पोटात भूक सारखी नसते.

आता स्वतःच्या वाड्यांविषयी थोडे. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड झाली, आपल्याकडेही आंब्या-चिकूची कलमे लागली. खड्डे बायकांनी खणले, पहिली वर्षे हंड्याने पाणी बायकांनी घातले. सातबारा बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या नावावर. २००६ च्या वनहक्क कायद्यात विवाहितांचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावाने नोंदवायचा असे स्पष्ट आहे. तरी वाडीतला माल विकायला गेल्यावर व्यापारी बाईला विचारतो, घरधनी कुठाय? ग्रामसभेतही हेच. कैनाडच्या बायकांनी यासाठीही वाक्य ठरवायला घेतले आहे, अजून ते ठरलेले नाही, कारण इथे समोर मुकादम नाही, घरचीच माणसे आहेत.

क्रेटचे म्हणाल तर वहीतला आकडा आणि मुकादमाचा आकडा आता शेजारी शेजारी ठेवून बघतात. दोनदा कापलेली मजुरी परत मिळाली. तिसऱ्यांदा मिळाली नाही, तो हिशेब वहीत तसाच आहे आणि दर शनिवारी जिची पाळी असेल ती तो पुन्हा विचारते.