टॉमकॅट पॅकेजमधूनच का घ्यावा

आमच्या माजी सैनिकांच्या गटाचं पेन्शन-मदतीचं ॲप मी टॉमकॅटवर चालवतो. आधी मी तो झिप उघडून एका फोल्डरमध्ये टाकला होता, चालायचाही रूट म्हणून. नवी आवृत्ती आली, जुनं फोल्डर पुसलं, नवं ठेवलं. माझी सर्व्हर डॉट एक्सएमएल त्यातच होती! नोव्हेंबर, म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना, आणि ॲप दोन दिवस बंद. वीरपत्नींचे फोन येत होते, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डेबियन १२ मध्ये टॉमकॅट १० एपीटीनं घेतला की सामान किट लावल्यासारखं लागतं. प्रोग्राम यूएसआरमध्ये, सेटिंग ईटीसीत, ॲप आणि लॉग व्हारमध्ये. सर्व्हर 'टॉमकॅट' नावाच्या कमी अधिकारांच्या युजरखाली चालतो, मशीन सुरू होताच सिस्टमडी त्याला उठवतं. सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीच्या अपडेटबरोबर येतात, आणि तुम्ही बदललेली सेटिंग त्यात पुसली जात नाही.

एक अडचण मात्र आहे. टॉमकॅट १० पासून जावाक्सच्या जागी जकार्ता आलं. जुनं ॲप तसंच टाकलंत तर चालणार नाही, आधी रूपांतर करून घ्या. माझी एक संध्याकाळ त्यात गेली.