आवाज कुणाचा?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा बोनस, ग्रॅच्युइटी, कंत्राटी कामगार यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळवला तो अमेरिकेतील बेसबॉलचे धावते वर्णन करणाऱ्या नभोवाणी-निवेदकांचा. 'यांचे डोके ठिकाणावर आहे ना?' असा भाव काही चेहऱ्यांवर आताही दिसतो आहे. तेव्हा खुलासा आधी करतो.

आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतील कपाटावर. डेट्रॉइटच्या मोटार-कामगारांविषयी वाचू लागलो, तेव्हा एक नाव पुन्हा पुन्हा आडवे येऊ लागले: अर्नी हारवेल. हा गृहस्थ कामगारपुढारी नव्हे, कारखानदार नव्हे, राजकारणीही नव्हे. तो रेडिओवर बेसबॉलचे वर्णन करीत असे. २०१० साली तो वारला तेव्हा त्याचे शव मैदानातच, त्याच्या पुतळ्यापाशी ठेवले होते, आणि दहा हजारांहून अधिक माणसे रांग लावून दर्शन घेऊन गेली. पोटासाठी बोलणाऱ्या माणसावर गावाने एवढे प्रेम का करावे? आमचाही धंदा बोलण्याचाच. म्हणून या प्रश्नाने आम्हांला धरून ठेवले.

आधी खेळ थोडक्यात. एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने दांडक्याने तो टोलवायचा आणि चार मुक्काम धावून पुरे करायचे. असे नऊ डाव. खेळ अडीच-तीन तास चालतो, पण चेंडू प्रत्यक्ष हलतो तो थोडाच वेळ. बाकीचा वेळ वाट पाहण्यात जातो. शिवाय एकेका संघाचे हंगामात १६२ सामने असतात. वसंतात सुरू झालेला हंगाम शरद ऋतूपर्यंत जवळजवळ रोज चालतो. म्हणजे जो माणूस हे वर्णन करतो, तो सहा महिने रोज संध्याकाळी तुमच्या घरी येऊन बसतो. आपला सख्खा भाऊही इतक्या वेळा येत नाही! आणि चेंडू हलत नसतो त्या वेळात त्याला काहीतरी बोलावे लागते. त्या बोलण्यातूनच त्याची आणि श्रोत्याची ओळख होते.

या कामाची सुरुवात ५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गमध्ये झाली. हॅरल्ड आर्लिन या वेस्टिंगहाउस कंपनीच्या नोकराने मैदानात बसून एका व्यावसायिक सामन्याचे पहिले वर्णन नभोवाणीवर केले. पुढे मालकांना धास्ती पडली की, फुकट ऐकायला मिळाले तर तिकीट कोण काढणार? न्यू यॉर्कच्या तिन्ही संघांच्या मालकांनी तर आपसांत करार करून १९३८ पर्यंत वर्णनाला बंदीच घातली. मालकांची एकजूट कशी होते हे आम्हांला कुणी शिकवायला नको. १९३९ साली ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाने ती मोडली आणि रेड बार्बर नावाच्या दक्षिणेकडच्या निवेदकाला बोलावून घेतले.

हे बार्बर मोठे विलक्षण. त्या काळी संघ परगावी खेळत असला की निवेदक आपल्याच गावी स्टुडिओत बसे आणि तारेने येणाऱ्या त्रोटक मजकुरावरून सामना जणू डोळ्यांसमोर चालल्यासारखा रंगवी. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन हेही तरुणपणी आयोवात हेच काम करीत. एकदा तार बंद पडली, तेव्हा तार पुन्हा सुरू होईपर्यंत त्यांनी फलंदाजाकडून चेंडूमागून चेंडू रेषेबाहेर टोलवून घेतले! बार्बरांना हे मान्य नव्हते. तारयंत्राची टकटक श्रोत्यांना मुद्दाम ऐकू जाईल असा ते ध्वनिक्षेपक ठेवीत. 'मी मैदानात नाही, तारेवरून सांगतो आहे,' हे श्रोत्याला कळावे म्हणून. समोर अंडे उकडण्याचे वाळूचे घड्याळ ठेवीत. वाळू सरली की धावसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटे करायचे. कारण कामावरून आत्ताच घरी आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच असतो: किती झाले? श्रोत्याची एवढी कदर करणाऱ्यावर श्रोता का जीव टाकणार नाही?

आता हारवेल. कुणीतरी चेंडू प्रेक्षकांत टोलवला की ते म्हणत, हा झेल इप्सिलँटीच्या एका माणसाने घेतला. कधी इप्सिलँटी, कधी मिशिगनमधले दुसरे एखादे गाव. त्यांना कसे कळले? कळत नव्हतेच! श्रोत्यांनाही ते ठाऊक होते. पण आपल्या गावाचे नाव रेडिओवर आले की त्या गावात कामाला लागलेल्या माणसाचे हात क्षणभर थांबत. ज्यांनी बाळ ज. पंडितांचे मराठी धावते वर्णन कान देऊन ऐकले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. खेळ परका असला तरी तो आपल्या बोलीत उंबरठ्याच्या आत येतो, तेव्हा तो घरचा होतो.

तिसरे नाव विन स्कली. १९५० साली बार्बरांच्या हाताखाली उमेदवारी सुरू केली, ती २०१६ पर्यंत, म्हणजे ६७ हंगाम, एकाच संघासाठी. १९५८ साली डॉजर्स संघ ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला. तेथे पहिली चार वर्षे सामने एका अवाढव्य क्रीडागारात होत. मागच्या रांगेतल्या माणसाला खेळाडू मुंगीएवढे दिसत. म्हणून लोक तिकीट काढून आत बसत आणि शेजारी ट्रान्झिस्टर लावून स्कलींना ऐकत. डोळ्यांसमोर घडते आहे, पण स्कलींनी सांगितल्याखेरीज ते घडले असे वाटत नाही!

या माणसाला गप्प राहणेही येत असे. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटात हँक आरन या कृष्णवर्णीय खेळाडूने बेब रूथचा जुना विक्रम मोडला, तो स्कलींच्याच संघाविरुद्ध. स्कलींनी चेंडू पार गेल्याचे सांगितले आणि ते थांबले. बराच वेळ नुसता लोकांचा जल्लोष ऐकू येत राहिला. मग त्यांनी एवढेच दाखवून दिले की, दक्षिणेत हजारो माणसे एका काळ्या माणसासाठी उभी राहिली आहेत. आरनना त्या काळात ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत होती. हे लक्षात घेतले म्हणजे त्या बोलण्याचे वजन कळते.

येथवर सगळे गोड झाले. पण आम्ही कामगार चळवळीतले. 'पगार कोण देतो?' हा प्रश्न आमच्या जिभेवर असतोच. या निवेदकांचा पगार संघमालक, नभोवाणी केंद्र किंवा जाहिरातदार यांच्याकडून येई. न्यू यॉर्कचे मेल अ‍ॅलन यांना तर मोठ्या टोल्याला पुरस्कर्त्या बिअरचे नाव जोडावे लागे. म्हणजे मीठ मालकाचे आणि माया श्रोत्याची. रोजच्या व्यवहारात ही गाडी चालून जाते. चाक अडले की निवेदक कोणत्या बाजूला उतरतो ते दिसते.

२२ सप्टेंबर १९६६ चा दिवस घ्या. बार्बर तेव्हा यांकीज संघाकडे होते. संघ तळाला गेलेला. सुमारे ६७ हजारांच्या मैदानात तिकीट काढून आलेले प्रेक्षक किती? ४१३. बार्बरांनी दूरचित्रवाणीचा कॅमेरा रिकाम्या बाकांवर फिरवायला सांगितले. वरून नकार आला. तेव्हा त्यांनी तोंडाने सांगितले की, आजची खरी बातमी खेळ नव्हे, ही रिकामी बाके आहेत. थोड्याच दिवसांत त्यांना कळवण्यात आले की करार पुढे चालणार नाही.

डेट्रॉइटला याच्या पुढची पायरी झाली. १९९० च्या डिसेंबरात हारवेलांनी जाहीर केले की, पुढचा हंगाम आपला शेवटचा; आपल्याला नको म्हटले आहे. तीस वर्षांच्या सेवेनंतर! शहर खवळले. निषेध झाले, पत्रांचा पाऊस पडला, बहिष्काराची भाषा झाली. तरी १९९१ नंतर त्यांना जावेच लागले. पण लोक विसरले नाहीत. १९९२ साली संघाची मालकी बदलली आणि १९९३ साली हारवेल परत आले. नंतर २००२ मध्ये स्वतःच्या इच्छेने निवृत्त झाले. कामावरून काढलेला माणूस परत घेतला जाणे म्हणजे काय, ते या सभागृहात बसलेल्या आमच्या काही मित्रांना विचारा. मात्र येथे मागणी करणारे त्याचे सहकारी नव्हते, त्याचे श्रोते होते.

आणखी एक गोष्ट, जी आम्हांला सर्वांत जवळची वाटते. लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सचे नवे मैदान उभे राहिले ती जागा शावेझ रविन. तेथे मेक्सिकन वंशाच्या गरीब कुटुंबांच्या वस्त्या होत्या. सरकारी घरे बांधू म्हणून त्यांना उठवले, ती योजना रद्द झाली आणि जमीन संघाकडे गेली. ८ मे १९५९ रोजी उरलेल्या कुटुंबांना पोलिसांनी उचलून बाहेर काढले. गिरणगावातून आलेल्या श्रोत्यांना या गोष्टीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच १९५९ साली हायमे हारीन हे इक्वाडोरहून आलेले गृहस्थ डॉजर्सचे वर्णन स्पॅनिशमध्ये करू लागले. आरंभीची वर्षे स्टुडिओत बसून, स्कलींचे इंग्रजी ऐकत ऐकत. १९८१ साली मेक्सिकोतल्या एका खेड्यातला वीस वर्षांचा फर्नांडो व्हॅलेन्झुएला संघात चमकला. त्याला इंग्रजी येत नव्हते, तेव्हा पत्रकारांपुढे हारीन त्याचे दुभाषे झाले. मैदानात मेक्सिकन कुटुंबांची गर्दी होऊ लागली. ६४ हंगाम करून हारीन २०२२ साली थांबले. घरे गेली ती गेली. त्या जखमेवर हा आवाज औषध ठरला असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्यांना त्या जागेवरून उठवले त्यांच्या भाषेला तेथे रोज बसायला जागा मिळाली, ही गोष्ट लहान नव्हे.

हे प्रेम विकताही येते, हेही सांगितले पाहिजे. २०१४ साली डॉजर्सने सामने दाखवण्याचे हक्क अब्जावधी डॉलरना एका केबल कंपनीबरोबरच्या नव्या वाहिनीला दिले. इतर कंपन्यांनी ती वाहिनी घेतली नाही. स्कलींचे शेवटचे तीन हंगाम, आणि त्यांच्याच शहरातल्या निम्म्याहून अधिक घरांत चित्र नाही! रेडिओवर त्यांच्या पहिल्या तीन डावांपुरता आवाज तेवढा उरला. त्या मैदानात त्यांना ट्रान्झिस्टरवर ऐकणाऱ्यांच्या नातवंडांवर ही पाळी आली.

आमच्या चळवळीतले काही मित्र म्हणतील, खेळ आणि त्याची बडबड ही कामगाराला दिलेली अफूची गोळी आहे. जितका वेळ तो ऐकतो, तितका वेळ विचार करीत नाही. आम्हांला हे पटत नाही. आठ तास यंत्रापुढे उभा राहणारा माणूस ज्या आवाजाला कान देतो, तो पारखूनच देतो. १६२ दिवस रोज खोटे बोललेले खपत नाही. हरलो तर हरलो म्हणणारा, आपल्या गावाची नावे जाणणारा आणि वेळेवर गप्प बसणारा, असाच माणूस त्याने घरात घेतला.

तेव्हा आमच्या मोर्चातली घोषणा आम्ही आज प्रश्न म्हणून विचारतो: आवाज कुणाचा? करारावर सही मालकाची असते. पण डेट्रॉइटच्या लोकांनी दाखवले की, ऐकणाऱ्यांनाही त्यावर हक्क सांगता येतो. मात्र तो सांगावा लागतो, आपोआप मिळत नाही. आणि आम्हां बोलणाऱ्यांसाठी बार्बरांचा धडा आहे. सभेला चारशे तेरा माणसे आली असतील तर चारशे तेराच सांगावीत. आमचे कार्यकर्ते हे ऐकून हसत आहेत, पण उद्याच्या गेटसभेपासून त्यांनी तो पाळावा अशी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.