टोपी, मिशी आणि वेणी
(व्हिडिओ खेळांतील पात्रांची बदलती रूपे)



ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्या आमच्या चित्रकलेच्या सरांच्या हाताखाली मी आधी विद्यार्थी म्हणून आणि पुढे काही वर्षे कनिष्ठ शिक्षक म्हणून वावरलो. त्यांच्या स्मरणार्थ व्याख्यान द्यायचे तर विषय रविवर्म्याचा असावा, अजिंठ्याचा असावा, अशी आपली अपेक्षा असणार. बडोद्यात राहून रविवर्म्यावर न बोलणे हा एक प्रकारचा उद्धटपणाच आहे. तरीही मी विषय निवडला तो व्हिडिओ खेळांतील पात्रांचा. निमंत्रण देण्यास आलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटले ते मी पाहिले आहे. या निवडीमागे माझे एक जुने देणे आहे. ते आधी सांगतो.

१९९६ च्या सुमाराची गोष्ट. दांडिया बाजाराच्या परिसरात त्या वेळी घराघरांतून टीव्हीला जोडायची व्हिडिओ खेळांची यंत्रे आली होती. बहुतेक मूळ जपानी यंत्राच्या नकलाच. त्यांत घालायच्या चकतीवजा डबीला मुले ‘कॅसेट’ म्हणत. आठवीच्या वर्गाला मी ‘माझा आवडता नायक’ असा विषय दिला होता. शिवाजी महाराज आले, सचिन तेंडुलकर आला. एका मुलाने मात्र आलेख वहीचे पान आणले. त्यावर चौकोन रंगवून एक बुटका मिशीवाला माणूस काढला होता : लाल टोपी, लाल विजार, आणि सदरा, केस, मिशी, बूट सगळे एकाच मळकट तपकिरी रंगाचे. मी ते चित्र बाजूला सारले. एक तर ही नक्कल. त्यातही रंग चुकलेले. मी स्वतः कॅसेटवरचे चित्र पाहिले होते. त्यात विजार निळी होती आणि सदरा लाल. मी दहापैकी तीन गुण दिले.

सरांनी ते पान उचलून चष्म्याजवळ नेले, चौकोन मोजले आणि म्हणाले, “अरे, याने टोपी का घातली आहे, हे तू त्या मुलाला विचारलेस का?” मी विचारले नव्हते. सरांनाही उत्तर ठाऊक नव्हते. पण ते पान त्यांनी कलादालनाच्या फळ्यावर लावले. उत्तर मला पुष्कळ उशिरा मिळाले, आणि ते द्यायला आज मी उभा आहे.

त्या मिशीवाल्याचे नाव मारिओ. निन्तेंदो या जपानी कंपनीसाठी शिगेरू मियामोतो यांनी १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’ हा खेळ तयार केला, त्यात तो प्रथम आला. तेव्हा तो सुतार होता, आणि अमेरिकेतील माहितीपत्रकात त्याचे नाव केवळ ‘उडी मारणारा’ अशा अर्थाचे होते. मारिओ हे नाव कंपनीच्या अमेरिकेतील गोदामाच्या मालकावरून पुढे पडले. नळदुरुस्तीचा व्यवसाय त्याला १९८३ च्या खेळात मिळाला. चित्रकाराच्या दृष्टीने हे सगळे दुय्यम. मुख्य गोष्ट अशी की मियामोतोंना हा माणूस काढण्यासाठी मिळाली होती ती आडवी सोळा आणि उभी सोळा ठिपक्यांची जागा, आणि रंग तीन.

सोळा ठिपक्यांत माणूस काढून पाहा. घरी गेल्यावर आलेख वही घ्या आणि खरोखरच पाहा. डोक्याला फार तर सात-आठ ओळी येतात. तोंड काढले तर नाक बसत नाही. नाक काढले तर ओठांना जागा उरत नाही. म्हणून मियामोतोंनी मोठे नाक काढले आणि त्याखाली मिशी घातली. तोंड काढण्याचा प्रश्नच मिटला. केस काढायचे तर उडी मारताना ते उडाले पाहिजेत, आणि उडणारे केस तेवढ्या ठिपक्यांत दिसणार कसे? म्हणून टोपी. सदरा आणि विजार एकाच रंगाची असती तर पळताना हलणारा हात धडात विरघळून गेला असता. म्हणून खांद्यावर पट्टे असलेली विजार, म्हणजे डंगरी; तिच्यावर दुसऱ्या रंगाची बाही हलते आणि धावणे डोळ्यांना कळते. (जाता जाता सांगतो, इंग्रजीतला हा डंगरी शब्द मुंबईतल्या डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडावरून गेला असे मानले जाते. म्हणजे आपल्याकडचे एक ठिगळ या जपानी-इटालियन गृहस्थाच्या अंगावरही आहे.)

तात्पर्य, टोपी, मिशी आणि डंगरी यांपैकी एकही गोष्ट स्वभावदर्शनासाठी आलेली नाही. तिन्ही अडचणीतून आल्या. कारागीर अडला आणि त्याने वाट काढली.

आता रंगांचे पाहा. घरगुती यंत्रासाठीचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ १९८५ चा. संपूर्ण खेळ, म्हणजे चित्रे, संगीत, नियम सगळे धरून, अवघ्या चाळीस किलोबाइटांत मावला होता. आज आपल्या मोबाइलमधील एखादे छायाचित्र याच्या कितीतरी पट जागा घेते. त्या यंत्रात अशा हलत्या आकृतीला एका वेळी तीनच रंग मिळत. एक कातडीचा, एक लाल, आणि तिसऱ्यात केस, मिशी, डोळे, सदरा व बूट इतके सगळे भागवायचे. म्हणून सदरा आणि मिशी एका रंगाची. आमच्या विद्यार्थ्याने पडद्यावर जे होते ते चौकोन मोजून अगदी अचूक उतरवले होते. निळी विजार आणि लाल सदरा हे रूप ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अधिकृत चित्रांत रूढ झाले, आणि माझ्या पाहण्यात आलेल्या कॅसेटवर ते होते. रंग चुकले होते ते माझे. मी वेष्टन पाहून परीक्षा केली होती.

या वेष्टनावरील चित्रांचा मात्र अवमान करू नये. योइची कोताबे हे जपानी चलच्चित्रपटांतले मुरलेले चित्रकार; १९७४ च्या ‘हायडी’ मालिकेतील पात्रे त्यांनी रेखाटली होती. १९८५ मध्ये ते निन्तेंदोत गेले आणि मारिओच्या अधिकृत चित्रांना त्यांच्या हाताने गोलाई आली, डोळ्यांत हसू आले. पडद्यावर चार ठिपके आणि कागदावर हा गुबगुबीत माणूस, अशी ती जोडी होती. मूल कागदावरचे चित्र मनात ठेवून पडद्यावरचे ठिपके पाही, आणि दोन ठिपक्यांत त्याला नाक दिसे. पाहण्यातले निम्मे काम मुलाचे डोळे करीत असत. आमच्या त्या मुलाचे वेगळेपण असे की त्याने ते निम्मे काम बाजूला ठेवले आणि समोर आहे तेवढेच काढले. वस्तुचित्रणाच्या तासाला सर आयुष्यभर याहून वेगळे काय सांगत आले?

१९९६ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ आला आणि मारिओला लांबी-रुंदीबरोबर खोलीही मिळाली. आता तो सपाट पृष्ठांच्या तुकड्यांनी घडवलेला पुतळा होता. अंगावर बहुतेक ठिकाणी नुसते रंग. डोळे, मिशी, डंगरीची बटणे आणि टोपीवरचे अक्षर एवढ्यापुरती चित्रे चिकटवलेली. आता केस काढता आले असते. तोंड तर होतेच. पहिल्याच दृश्यात त्याचा चेहरा खेळणाऱ्याला हवा तसा ओढता-ताणता येई. ज्या अडचणीसाठी टोपी आली ती अडचण संपली होती. मग टोपी गेली का? नाही. उलट त्या खेळात तिला नवे काम मिळाले. एक माकड ती पळवते, वाळवंटातले गिधाड ती उचलून नेते, आणि टोपी नसली तर मारिओला इजा अधिक होते. बोडक्या डोक्याने फिरणे त्याला सोसत नाही! पुढे २०१७ च्या ‘सुपर मारिओ ओडिसी’ मध्ये तर टोपीला डोळे फुटले. ती त्याची सोबतीण झाली आणि सगळा खेळ तिच्या फेकण्यावर उभा राहिला. सोळा ठिपक्यांतली तडजोड छत्तीस वर्षांनी कथानकाचा कणा झाली.

आणि २०१५ च्या ‘सुपर मारिओ मेकर’ मध्ये खेळणाऱ्याला आपला मारिओ कोणत्या काळातला हवा ते निवडता येऊ लागले. १९८५ चे तपकिरी सदऱ्याचे रूप त्यात आहे. ते आता गरिबीचे लक्षण उरलेले नाही. हौसेने निवडायची ती एक शैली झाली आहे.

परंतु पात्राच्या रूपातले सगळेच अडचणीतून येते असे म्हणू लागलो तर पुष्कळ नको त्या गोष्टींना क्षमा करावी लागेल. ‘टूम्ब रेडर’ ही इंग्लंडमधील डर्बी शहरात कोअर डिझाइन या कंपनीत १९९६ मध्ये घडलेली कृती. तिची नायिका लारा क्रॉफ्ट टोबी गार्ड या तरुण चित्रकाराने रेखाटली. तिला लांब वेणी होती. पण वेणी हलली पाहिजे, पाठीवर आपटली पाहिजे, पाठीतून आरपार जाता कामा नये. ते गणित त्या वेळी जुळले नाही. म्हणून पहिल्या खेळात वेणी मधल्या चित्रफितींतच दिसते. प्रत्यक्ष खेळताना केस मागे गुंडाळलेले. १९९७ च्या दुसऱ्या भागात वेणी आली आणि नायिका उडी मारताना ती मागे झेपावू लागली. पुढे २०१३ मध्ये क्रिस्टल डायनॅमिक्स या अमेरिकन कंपनीने लारा नव्याने घडवली, तेव्हा संगणकावर केसन् केस स्वतंत्र हलवण्याचे तंत्र हाती आले होते. आणि त्या रूपात वेणी नाही. केस साधे मागे बांधलेले. अडचण गेली तरी मारिओची टोपी राहिली. लाराची वेणी मात्र अडचण संपल्यावर गेली. असे का, याचे एकच एक उत्तर मला देता येत नाही.

मात्र लाराच्या शरीराचा जो अतिरेकी आकार जाहिरातींतून मिरवला गेला तो तंत्राच्या अडचणीचा नव्हता. थोड्या तुकड्यांत बाई काढायची म्हणजे कोन येणारच, हे मान्य. कमरेचे आणि छातीचे प्रमाण कोणते ठेवायचे हे मात्र माणूस ठरवतो. गार्ड १९९७ मध्येच कंपनी सोडून गेले. २०१३ ची लारा जहाज फुटून एका बेटावर अडकलेली, चिखलाने माखलेली, खरचटलेली मुलगी आहे. पूर्ण लांबीची विजार घालते, दमते, कण्हते. काहींना जुनीच हवी होती. माझ्या मते नवे प्रमाण अधिक चांगले चित्र आहे. आधीची छायाकृती लक्षात राहते हेही मी कबूल करतो, आणि ही कबुली देताना मला फारसा आनंद होत नाही.

आता एकच उदाहरण, थोडक्यात. १९९१ मध्ये सेगा या कंपनीच्या खेळात सोनिक नावाचा निळा साळू आला. त्याच्या दोन डोळ्यांना पांढरा भाग एकच, सलग. निसर्गात असा प्राणी नाही. ३० एप्रिल २०१९ रोजी त्याच्यावरील चित्रपटाची पहिली झलक प्रसिद्ध झाली. त्यात चित्रपटवाल्यांनी त्याला खराखुरा प्राणी करू पाहिले होते : डोळे वेगवेगळे आणि लहान, अंगावर लव, तोंडात माणसासारखे दात. जगभरच्या प्रेक्षकांनी ते झिडकारले. दोन-तीन दिवसांतच दिग्दर्शकाने रूप बदलण्याचे जाहीर केले; नोव्हेंबर २०१९ चे प्रदर्शन फेब्रुवारी २०२० वर गेले आणि चित्रकार टायसन हेसे यांच्या नेतृत्वाखाली सोनिक पुन्हा काढण्यात आला. डोळे मोठे झाले, जवळ आले.

रविवर्म्याचा उल्लेख टाळू म्हणता टळत नाही. १८९४ मध्ये त्याने छापखाना काढला आणि त्यातून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघरच्या भिंतींवर गेली. एकदा भिंतीवर गेलेले रूप चित्रकाराच्या एकट्याच्या मालकीचे राहत नाही. पुढे कोणी सरस्वतीच्या हातातली वीणा काढू पाहील तर घरातली आजी त्याला विचारीलच. सोनिकच्या बाबतीत त्या आजीची जागा नऊ-दहा वर्षांच्या, आणि एके काळी नऊ-दहा वर्षांच्या असलेल्या मुलांनी घेतली. प्रेक्षकांची अशी ओरड प्रत्येक वेळी रास्तच असते असे नाही. लाराच्या वेळी ती मला पटली नाही. सोनिकच्या वेळी पटली, कारण त्या चित्रकारांनी प्राण्याचा अभ्यास केला होता, पात्राचा केला नव्हता.

असो. बराच वेळ घेतला. आलेख वहीचे ते पान पुष्कळ वर्षे कलादालनात होते. पुढे भिंतींना रंग देताना फळा उतरवला गेला आणि पान कुठे गेले ते कोणालाच सांगता आले नाही. मी कपाटे पाहिली आहेत. ते चित्र काढणारा विद्यार्थी आज या सभागृहात आहे किंवा नाही हे मला ठाऊक नाही. आता तोही चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. असल्यास त्याने कार्यक्रमानंतर मला अवश्य भेटावे. त्या वर्षीच्या गुणपत्रकात आता काही बदलता येत नाही, पण तीन हा आकडा मी मागे घेत आहे, आणि टोपीचे कारण त्याला तेव्हाच ठाऊक होते का, हे मला त्याच्याकडून ऐकायचे आहे.