वहीत पगाराचा रकाना कुठंय?

(पुण्यात ताडीवाला रोडच्या वस्तीतल्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून काढलंय.)



मी मुंबईला गोदीत माल चढवतो-उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून तुम्ही मला बोलावलं, पण आज कविता वाचत नाही. आज मला घरात लोकांची पोरं सांभाळणाऱ्या बायांवर बोलायचंय. तुमच्यातले काही हसतील. हा काय चळवळीचा विषय झाला? ह्याच्यावर मोर्चा निघतो काय? मलाही तसंच वाटायचं. माझ्या आत्याच्या दारात दोन साहेब उभे राहिले, त्या दिवसापासून वाटत नाही.

आत्या इथंच, पुण्यात राहते. वस्तीचं नाव सांगत नाही, तिला आणखी त्रास नको. खोली दहा बाय बाराची. त्यात ती नऊ पोरं सांभाळते. पहिलं पोर सकाळी साडेसहाला येतं, त्याची आई झाडूकाम करते. शेवटचं पोर रात्री आठला जातं, त्याची आई कोरेगाव पार्कात चार घरची धुणीभांडी करते. कुणी महिन्याला आठशे देतं, कुणी पाचशे. कुणी दोन महिने काहीच देत नाही आणि मग एकदम किलोभर तूरडाळ आणून ठेवतं. आत्याची वही म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर.

मागच्या पावसाळ्यात कुणीतरी तक्रार केली. साहेब आले. कुठल्या खात्याचे ते सांगत नाही, नाव घेऊन मला काही मिळवायचं नाही. हातात यादी होती. नोंदणी कुठंय? पोलिस पडताळणी कुठंय? आग विझवायचं नळकांडं कुठंय? कॅमेरा कुठंय? स्वतंत्र संडास कुठंय?

शेवटच्या प्रश्नाला आत्या हसली. म्हणाली, ‘साहेब, आमच्या सगळ्या आळीलाच स्वतंत्र संडास नाय.’

साहेब हसले नाहीत.

मग आत्यानं विचारलं, ‘बरं, नोंदणी करते. फॉर्म द्या.’ फॉर्म त्यांच्याकडं नव्हता. तो कुठं मिळतो हेही धड सांगता आलं नाही. पण बंद करा, हे मात्र धड सांगता आलं.

आत्या घाबरली. चार दिवस दार लावून बसली. त्या चार दिवसांत काय झालं ते नीट ऐका, कारण माझं सगळं भाषण त्या चार दिवसांवर उभं आहे. तीन बायांचे खाडे पडले. एकीचं एक घर सुटलं, मालकिणीनं दुसरी बाई लावली. एकीनं पोराला कामावर नेलं आणि जिन्याखाली बसवून ठेवलं. आणि एका घरात अकरा वर्षांच्या पोरीचं दप्तर खुंटीला लागलं. धाकटा भाऊ सांभाळायला कोण? ती.

म्हणजे साहेबानं एक पाळणाघर बंद केलं आणि दुसरं उघडलं. नव्या पाळणाघराची चालक अकरा वर्षांची. तिची पोलिस पडताळणी कोण करणार? तिच्याकडं कॅमेरा आहे का? तिला कुणी विचारलं नाही, कारण ती कुठल्याच यादीत नाही.

ज्या पुण्यात १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीरावांनी पोरींची शाळा काढली, त्याच पुण्यात ही गोष्ट झाली. आणि ह्याच पुण्यात त्या दोघांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथं यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवून जावं, असं सांगितलं. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला पोरांसाठी अन्नछत्र चालवलं. त्यांनी बाईच्या दारात यादी घेऊन माणूस पाठवला नाही. आधी दार उघडलं, भाकरी ठेवली.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी खोटारडा ठरेन.

आत्या काही देवी नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या खोलीत एका पोराचा पाय भाजला. शेगडी जमिनीवर होती, वर पाण्याचं पातेलं. पोर रांगत गेलं. आत्यानं त्याला उचलून दवाखान्यात पळवलं, रात्रभर बाहेर बसली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडून फळी आणून शेगडी छातीएवढ्या उंचीवर नेली. कुणा तपासनिसानं तिला ते शिकवलं नव्हतं, भाजलेल्या पायानं शिकवलं. पण मी स्वतःला विचारतो, एखादी शहाणी बाई वर्षभर आधी येऊन ‘आक्का, ही शेगडी वर घे’ म्हणाली असती तर? तो पाय वाचला असता.

२०१६ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली. कॅमेऱ्यात सगळं दिसलं. सगळ्या महाराष्ट्राच्या अंगावर काटा आला. तिथं फी होती, पाटी होती, कॅमेराही होता. तरी झालं. म्हणून तपासणी नको असं मी म्हणणार नाही. साहेबाच्या पोराला सुरक्षित खोली पाहिजे आणि कामवालीच्या पोराला कसलीही चालते, असं आपण म्हणायचं? मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

तपासणी पाहिजे. पण कसली, ते बघू.

२०१८ साली केंद्र सरकारनं प्रसूती लाभ कायद्याखालच्या पाळणाघरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एका मुलामागं दहा ते बारा चौरस फूट जागा. चांगली गोष्ट आहे. आत्याचा हिशोब करा. नऊ पोरं, बारा फुटांप्रमाणं १०८ फूट. खोली १२० फुटांची. उरले बारा. त्या बारा फुटांत आत्या, मोरी, शेगडी, कॉट आणि बाबासाहेबांचा फोटो. नियम चुकीचा नाही. पण खोली कुठून आणायची, हे नियमात लिहिलेलं नाही.

आणि तो कायदा कुणासाठी? २०१७ च्या दुरुस्तीनं पाळणाघर सक्तीचं झालं ते ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या जागी. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात अट होती ५० हून जास्त बाया. १९४८ च्या कारखाने कायद्यात आधी ५० हून जास्त बाया, १९७६ ला ते ३० वर आणलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही आकडा पन्नासचाच. आता तुमच्या आईचा आकडा सांगा. ती चार घरी जाते. प्रत्येक घरी ती एकटी. एक आणि एक आणि एक आणि एक, बेरीज पन्नास होत नाही. तिला मालक चार, पण चौघांत मिळून एक पाळणा नाही.

तो पाळणा आत्या देते. कायद्यानं जो खर्च मालकावर टाकायला पाहिजे होता, तो आत्याच्या कमरेवर पडलाय. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि ह्या खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. मुलाचा भार एकट्या आईनं वाहू नये, हे तेव्हाच सांगून झालंय. आपण काय केलं? भार आईवरून काढून दुसऱ्या गरीब बाईवर ठेवला, आणि वर तिच्याकडं तपासणीला गेलो.

कुणी म्हणेल, सरकारी अंगणवाडी आहे की. आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला योजना सुरू झाली. पण अंगणवाडी दुपारपर्यंत मिटते, तुमच्या आईचं शेवटचं घर संध्याकाळी सुटतं. आणि तिथल्या बाईची काय गत आहे? २०२१ च्या मार्चमध्ये पोषण ट्रॅकर नावाचं ॲप आलं. हलके मोबाइल, इंग्रजी ॲप. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारला मोबाइल परत केले. २०२५ च्या जुलैपासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा जुळवायचं काम आलं. पोरांना शिकवायचं सोडून चेहरा जुळतो का बघत बसा. इतकी नोंद, इतकी देखरेख, पण बाई सरकारी नोकर नाही! ती ‘मानसेवी’. ४ डिसेंबर २०२३ ला ह्या बाया संपावर गेल्या, तेव्हा सेविकेला महिना १० हजार मिळत होते आणि मदतनिसाला साडेपाच. बावन्न दिवस लढल्या. ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे हे तर सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या एप्रिलमध्येच सांगून ठेवलं होतं.

सरकारी पाळणाघरांची गत तर विचारू नका. २०१७ च्या राष्ट्रीय योजनेत चालवणाऱ्या बाईला महिना ३ हजार आणि मदतनिसाला दीड हजार. पंचवीस पोरांमागं! पैशातला केंद्राचा वाटा ९० टक्क्यांवरून ६० वर आणला आणि देशभर पाळणाघरं पटापट मिटली. २०२२ मध्ये नवं नाव आलं, ‘पाळणा’. नाव गोड आहे. आपल्या वस्तीत तो कुठं हलतो ते मला दाखवा.

आता मी माझ्या गोदीचं सांगतो, कारण तिथं मला ह्या प्रश्नाचं उत्तर सापडलं.

पूर्वी गोदीत माणूस रोज सकाळी गेटवर उभा राहायचा. मुकादमानं बोट दाखवलं तर काम, नाही तर घरी. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला, पुढं बोर्ड आलं, कामगारांची नोंद झाली. ती नोंद कसली होती? नाव लिहिलं की हजेरी, हजेरी लागली की पगार, काम नसलं तरी थोडे पैसे, दवाखाना, फंड. म्हातारे कामगार आजही ‘मी बोर्डाचा माणूस’ असं छाती काढून सांगतात. मी कंत्राटी. माझीही तपासणी होते. हेल्मेट कुठंय, बूट कुठंय. हेल्मेट द्यायचं कंत्राटदारानं, दम खायचा मी.

म्हणजे नोंदणी दोन जातींची असते. एक नोंदणी माणसाला हक्क देते, दुसरी फक्त त्याची चूक लिहिते. आपल्या वाट्याला कायम दुसरी येते.

पहिली जात पुण्यालाही ठाऊक आहे. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, हमालाच्या नावापुढं मजुरी आणि फंड लिहिला जाऊ लागला. १९९३ ला इथल्या कचरा वेचणाऱ्या बायांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, मग महापालिकेनं त्यांच्या ओळखपत्राला मान्यता दिली. ज्या बाईला रस्त्यावर चोर म्हणून हटकायचे, तिच्या गळ्यात पालिकेनं मानलेलं कार्ड आलं. पोरं सांभाळणाऱ्या बाईच्या गळ्यात ते का येऊ नये?

बाहेरचंही बघा. त्याच १९४८ साली इंग्लंडनं घरी पोरं सांभाळणाऱ्यांच्या नोंदणीचा कायदा केला. १९९० च्या दशकात तिथं अशा सुमारे एक लाख बाया होत्या, आता तीस हजारही नाहीत. कारणं बरीच आहेत, पण कागद वाढले आणि कमाई वाढली नाही हे त्यांतलं एक. फ्रान्समध्येही परवाना लागतो, तपासणी होते. पण तिथं बाईला आधी शिकवतात, तिला पगाराची पावती मिळते आणि तो पगार द्यायला सरकार आईबापाला पैसे देतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. साहेब, या. आत या, बसा, चहा घ्या, शेगडी बघा, मोरी बघा. पण ज्या वहीत आमच्या बाईची चूक लिहिता, त्याच वहीत तिच्या पगाराचा रकाना पाडा. पहिल्या खेपेला शिकवा, नोटीस देऊ नका. खोली लहान आहे म्हणता? पालिकेच्या शाळेतली रिकामी खोली द्या, समाजमंदिर द्या. पोरांना अंगणवाडीतला आहार द्या. पोरामागं पैसे द्या. आणि तपासायला येणाऱ्यांत दोन आया ह्याच वस्तीतल्या असू द्या, कारण खोलीत पोर का रडतं हे त्यांना यादीशिवाय कळतं. एवढं दिलंत आणि मग एखादी बाई पोरांना मारताना सापडली, तर तिचं दार आम्हीच बंद करू.

आता तुम्हाला, तरण्या पोरांना. घोषणा तुम्हाला येतात, मला माहीत आहे. पण सरकारकडं आपल्या पोरांची यादी नाही आणि आपल्याकडंही नाही. ती करा. घरोघर जा. सहा वर्षांखालची पोरं किती, आई कामावर गेल्यावर ती कुठं असतात, कोण सांभाळतं, काय घेतं, शेगडी कुठं आहे. आणि शेवटचा प्रश्न विसरू नका: भाऊ सांभाळायला कुठली पोरगी शाळा सोडून घरी बसलीय? दोन रविवारांचं काम आहे. ती यादी घेऊन पालिकेत जाऊ. मग मोर्चा निघतो का नाही ते बघू.

पाचव्या दिवशी आत्यानं दार उघडलं. मी तिला म्हटलं, ‘आत्या, परत आले तर?’ ती पोराचं नाक पुसत होती. म्हणाली, ‘येऊ दे की. ह्या खेपेला मी त्यांना विचारीन, तुमची पोरं कोण सांभाळतं?’

दप्तर अजून खुंटीलाच आहे. त्या पोरीला मधल्या काळात घरचं काम जमायला लागलंय, असं तिची आई म्हणते. मी उद्या तिच्या घरी जाणार आहे. कोण कोण येतंय, सांगा.

जयभीम.