स्वागताध्यक्षांचे भाषण

व्यासपीठावरील मान्यवर, निवृत्त अधिकारी, माजी सैनिक बंधू-भगिनींनो, आणि ज्यांच्या गाड्या घाटात तापल्या ते सगळे पाहुणे,

साखरशेतात तुमचं मनापासून स्वागत. गावाच्या नावात साखर असली तरी शेतात भात, नागली आणि वरई. परिषद जव्हारात घ्या, असं पुष्कळांनी सुचवलं. मी हट्ट धरला, आणि काल रात्री वाऱ्यानं मांडवाचा खांब आडवा झाला तेव्हा मनात म्हटलं, ऐकायला हवं होतं!

इतिहासाला मला पाच मिनिटं दिलीत. जव्हारच्या मुकणे राजघराण्याची सहाशे वर्षं पाच मिनिटांत? 1343 साली दिल्लीच्या सुलतानानं नेमशहांना मान्यता दिली, सुरतेच्या स्वारीला निघालेले शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले, शिरपेचावरून माळाला नाव पडलं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते सगळं सोडतो. यशवंतराव महाराजांना मात्र सोडवत नाही. हा राजा दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात गेला, फ्लाइट लेफ्टनंट झाला. 1948 ला संस्थान विलीन झालं, 1962 ला महाराज लोकसभेत गेले. जयविलास पॅलेस बघायला लोक लांबून येतात, पण राजाच्या अंगावरच्या त्या वर्दीची आठवण क्वचितच कुणी काढतं. आज फौजेची माणसं आलीत, म्हणून मी काढली. आणि आमचं जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय! 'कुटीर' म्हणून हसू नका. पाड्यावरून झोळीत घालून आणलेल्या बाळंतिणीला विचारा.

आता परिषदेचा विषय. मी भाताचा व्यापारी, मला त्यातलं किती कळणार? माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना 2003 मध्ये सुरू झाली. पॉलिक्लिनिकनं चिठ्ठी द्यायची, करारातल्या खासगी रुग्णालयानं पैसे न मागता उपचार करायचे, बिल मागाहून सरकारनं चुकवायचं, एवढं सुभेदार मेव्हण्यांमुळे कळलं. ते एका रुग्णालयात गेले. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड उलटंसुलटं पाहिलं नि म्हणाली, "काका, आमचा करार मागच्या आठवड्यात संपला." मेव्हणे म्हणाले, "मग दुखणं पुढच्या महिन्यात आणू का?" भाताच्या सौद्याची मुदत संपायच्या आत मी माणूस पाठवतो, हो! कराराची शेवटची तारीख पॉलिक्लिनिकच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, बाकी ठराव तुम्ही जाणकारांनी करावेत.

व्यवस्थेत उणिवा खूप आहेत. माइक मध्येच कुरकुरतो. बिल्ल्यांवर दोन कर्नलांची नावं एकमेकांच्या गळ्यात गेलीत, ती चहाच्या वेळी बदलू. तांदूळ देणारे, टँकर पाठवणारे, रात्रभर मांडव उभारणारी पोरं, नावं छापू नका म्हणणारे दाते, जनरेटरचं डिझेल भरणारे शेजारी आणि पहाटेपासून चुलीपुढे बसलेल्या बायाबापड्या, सर्वांचे आभार. जेवणात नागलीची भाकरी नि उडदाची आमटी आहे; तिखट सोसत नसेल त्यांनी पंगतीत आधीच सांगावं. आणि एक विनंती, बाक शाळेचे आहेत, सोमवारी मुलांना लागतात. त्यावर पाय ठेवू नका.