चालतं पोर आणि घरातलं विष
(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात झालेले भाषण)



दर वेळी मी पिकावरच्या रोगकिडींविषयी बोलतो. आज एक ते तीन वर्षांच्या लेकरांविषयी बोलणार आहे. रांगणं सोडून चालू लागलेलं, सगळीकडे हात घालणारं पोर आपल्या बहुतेकांच्या घरी असतंच. आता कुणी म्हणेल, शेतीच्या माणसाने हे कशाला सांगावं? त्याला कारण आहे. ते आधी सांगतो.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी म्हणून नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. एका गावात वांग्याच्या प्लॉटवर फवारणीचं प्रात्यक्षिक घेतलं. काम झाल्यावर डब्यात थोडं औषध उरलं. शेजारचा शेतकरी म्हणाला, "साहेब, माझीबी दोन गुंठे वांगी हाईत. उरलेलं मला द्या." बांधावर सरबताची एक रिकामी बाटली पडली होती. मी माझ्या हाताने त्या बाटलीत औषध ओतलं, बूच लावलं आणि त्याला दिलं. पंपाला किती घालायचं ते तोंडी सांगितलं. बाटलीवर काही लिहिलं नाही.

त्याने ती घरी नेऊन देवळीत ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यातलं अर्धं वापरलं, बूच थोडं सैल राहिलं. तिसऱ्या दिवशी घरातली माणसं भांगलणीला गेली. घरी आजी आणि अडीच वर्षांचा नातू. आजी चुलीपुढे बसली होती. पोरगं पोत्यावर चढलं आणि त्याने बाटली काढली. तसली बाटली त्याने जत्रेत पाहिली होती. एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि रडायला लागलं. आजी धावली तेव्हा घरभर वास सुटला होता.

आजीने शेजारच्या पोराला रानात पिटाळलं. त्याने जाऊन सांगितलं, "तुमच्या बाळानं औषध पिलं." बापाला वाटलं, खोकल्याचं औषध जरा जास्त पिलं असेल. त्याने हातातली पात पुरी केली आणि मग निघाला. घरी आला तर पोराच्या तोंडाला फेस, अंग घामाने ओलं, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. मोटारसायकलवरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध? बाटलीवर संत्र्याचं चित्र. मला फोन केला, तर मी दुसऱ्या गावच्या शिवारात, फोन लागेना. पाऊण तासाने लागला. तोवर डॉक्टरांनी लक्षणं बघूनच उपचार चालू केले होते, म्हणून पोर हाती लागलं. नऊ दिवस दवाखान्यात होतं. आज ते सहावीत आहे.

त्या घरातल्या कुणीही मला बोल लावला नाही. मी भेटायला गेलो तेव्हा आजी एवढंच म्हणाली, "साहेब, मला वाचता येत न्हाई, पर चित्र कळतंय. चित्र संत्र्याचं हुतं."

तेव्हापासून मी कुठल्याही प्रात्यक्षिकाला गेलो की आधी विचारतो, या घरात लहान पोर आहे का?

आता हे वय कसं असतं ते बघा. माझ्याही घरी दोन वर्षांची मुलगी आहे. वस्तू कशी आहे हे ती आधी हाताने बघते, मग तोंडाने. "हात लावू नको" म्हटलं तर हात मागे घेते, आणि आपली पाठ वळली की पुन्हा लावते. ती काही हट्टी नाही. आत्ता सांगितलेलं घटकाभराने लक्षात ठेवून स्वतःला आवरणं हे या वयात जमतच नाही. चार-पाच वर्षांनंतर हळूहळू जमू लागतं. म्हणून या वयाच्या पोराला रागावून, धपाटा घालून विष दूर राहत नाही. विषच उचलून दूर ठेवावं लागतं. पोर शहाणं होईल तेव्हा होईल, तोवर घर शहाणं पाहिजे.

पहिली गोष्ट बोलण्याची. आपण कीटकनाशकालाही औषध म्हणतो आणि खोकल्याच्या बाटलीलाही औषधच म्हणतो. पोराला घोटभर पाजताना "औषध घे, गोड आहे" म्हणतो. मग सोप्यात ठेवलेल्या डब्यालाही तेच नाव! घरात बोलताना फवारणीच्या मालाला विष म्हणायची सवय लावा. "विष आणलंय, विष कुलपात ठेव," असं म्हटलं की मोठ्या माणसाचा हातही जपून पडतो. आणि निरोप गेलाच, तर तो ऐकणारा पात पुरी करत बसत नाही.

दुसरी गोष्ट ठेवण्याची. विष नेहमी मूळ डब्यात, मूळ लेबलासह ठेवा. सरबताच्या, पाण्याच्या किंवा तेलाच्या बाटलीत कधीही ओतू नका. कुणी मागितलं तर उघडं देऊ नका, मग तो मागणारा भाऊ असो की व्याही. उंच फळीवर ठेवलं म्हणजे झालं, असंही समजू नका. पोर पोत्यावर चढतं, पोत्यावरून कणगीवर जातं. उंचीपेक्षा कुलपावर भरवसा ठेवा. जुनी पत्र्याची पेटी असेल तर तिला कोयंडा बसवून घ्या आणि ती गोठ्यापलीकडच्या खोपीत ठेवा. धान्य, पेंड आणि विष एका जागी नको. किल्ली एकाच माणसाकडे असावी.

डब्यावर एक उभा चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघा. तांबडा म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. पण हिरवा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आपलं वजन पन्नास-साठ किलो, पोराचं दहा-बारा. आपल्याला जेवढ्याने नुसती मळमळ होईल, तेवढ्याने पोराच्या जिवावर बेतू शकतं. काही विषांना उतारा आहे, काहींना नाही. पॅराक्वाट नावाच्या तणनाशकाला उतारा नाही. त्याचा एक घोटही जीव घेतो.

आज घरी गेल्यावर माळ्यावर एकदा नजर टाका. हळदीला आणि उसाच्या हुमणीला आपल्याकडे फोरेट वापरत असत. 31 डिसेंबर 2020 पासून त्यावर देशात बंदी आहे. पण कुणाच्या माळ्यावर अर्धी पिशवी अजून पडलेली असेल. ते दाणे मातीसारखे दिसतात आणि अतिशय जहाल असतात. अशी पिशवी सापडली तर विहिरीत, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. कुलपात ठेवा आणि आपल्या कृषी कार्यालयात विचारा.

रिकाम्या डब्याचंही तसंच. डबा तीन वेळा धुवा आणि ते पाणी पंपातच ओता. मग डब्याला भोकं पाडून तो निकामी करा. पाणवठ्यापासून आणि घरापासून लांब खोल पुरा. त्या डब्यात मीठ, तेल किंवा पोराला खेळायला खडे ठेवू नका. कितीही धुतला तरी तो खाण्यापिण्याच्या कामाचा नाही.

तिसरी गोष्ट फवारणीच्या दिवसाची. बाप रानातून आला की पोर धावत येतं आणि पायाला मिठी मारतं. दिवसभर राबलेल्या माणसाला त्याहून सुख कुठलं? पण त्या दिवशी कपड्यांवर विष असतं आणि ते पोराच्या कातडीतून अंगात जातं. म्हणून फवारणी झाली की कपडे बाहेरच उतरवा, साबणाने अंघोळ करा आणि मगच पोराला घ्या. ते कपडे पोराच्या कपड्यांत धुऊ नका. घरच्या बाईनेही ते धुतल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पोराला भरवू नये किंवा अंगावर पाजू नये. विष कालवायची बादली आणि काठी वेगळी असावी. अंघोळीची बादली त्या कामाला नको. आणि फवारणी चालू असताना पोराला बांधावर बसवू नका. वारा फिरायला वेळ लागत नाही.

चौथी गोष्ट बिया आणि गोळ्यांची. विष लावलेलं बियाणं तांबडं, गुलाबी किंवा निळं दिसतं, अगदी गोळ्या-बडीशेपेसारखं. पेरून उरलेलं बियाणं ओट्यावर पसरून ठेवू नका. कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या बिया पोरं शेंगदाण्यासारख्या खातात आणि मग उलट्या-जुलाब सुरू होतात. एरंडाच्या आणि धोतऱ्याच्या बियाही तशाच वाईट. उंदराच्या औषधाच्या पिठाच्या गोळ्या कोपऱ्यात ठेवल्या तर पहिल्यांदा कोण उचलतं? उंदीर रात्री येतो, पोर दिवसभर तिथेच असतं. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या तर घरी आणूच नका. त्यांतून निघणारा वायू झोपेतच माणूस मारतो, आणि लहान पोराला आधी गाठतो.

शेंगा तोडायचे दिवस आले की आणखी एक ध्यानात ठेवा. शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका हे काही विष नव्हे, पण तीन-चार वर्षांच्या आतल्या पोराच्या श्वासनळीत ते अडकतात. शेंगदाणा द्यायचा तर कुटून, गुळात कालवून द्या.

आता रानातलं. भांगलणीला, खुडणीला लेकुरवाळ्या बाया पोराला घेऊनच येतात. झाडाला झोळी बांधतात. झोळीतलं तान्हं तिथेच राहतं, पण चालतं पोर राहत नाही. शेततळ्याचा कागद निसरडा असतो. त्यात घसरलेलं पोर वर येऊ शकत नाही. तळ्याला चहूबाजूंनी कुंपण आणि फाटक घाला. बादलीभर पाण्यातही एवढंसं पोर डोकं खाली जाऊन बुडतं, आणि आवाजही होत नाही. ट्रॅक्टर मागे घेण्याआधी खाली उतरून मागे बघा.

पण खरी अडचण ही, की लक्ष ठेवायचं कुणी? सगळ्यांचं लक्ष आहे असं म्हणतो तेव्हा कुणाचंच नसतं. अंगणवाडीत बसायला पोर तीन वर्षांचं व्हावं लागतं. तोवर काय? एका गावात बायांच्या टोळीने रीत काढलेली मी पाहिली. आठ-दहा जणींत रोज एक जण आळीपाळीने झाडाखाली पोरांजवळ बसायची आणि तिची मजुरी सगळ्या मिळून भरायच्या. सुरुवातीला मालक कुरकुरला. पण दर घटकेला पात सोडून झाडाकडे पळणं थांबलं, तेव्हा तोही गप्प झाला. हे तुमच्याकडेही करता येईल. घरी आजी असेल तर तिला चुलीजवळ बसवून वर पोर सांभाळायला सांगू नका. दोन्हींपैकी एकच काम द्या.

आणि पोराला नुसतं अडवू नका, त्याला त्याचंही काम द्या. आपण करतो ते त्याला करायचं असतं. एक छोटी दुरडी, एक वाटी, चार कणसं द्या. भरेल, ओतेल, पुन्हा भरेल. ज्याचे हात कामात आहेत ते पोर देवळीकडे कमी जातं.

एवढं करूनही कधी विष पोटात गेलंच, तर काय करायचं ते नीट ऐका. बोट घालून, मीठपाणी पाजून उलटी करवू नका. उलटी फुफ्फुसात गेली तर दुसरा घात होतो. रॉकेल प्यालेल्या पोराला तर मुळीच नको. दूध, तूप, ताक काही पाजू नका. तोंडात दाणे दिसत असतील तर ओल्या फडक्याने पुसून काढा. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर पाव तास स्वच्छ पाण्याची धार धरा. गुंगी असेल तर कुशीवर निजवा. 108 ला फोन करा, किंवा मिळेल त्या वाहनाने थेट मोठ्या दवाखान्यात जा. अंगारा-धुपाऱ्यात एक मिनिटही घालवू नका. आणि डबा बरोबर न्या. प्रत्येक विषाचा उपचार वेगळा असतो, आणि डॉक्टरांना तो लेबलावरून लवकर कळतो. पोर बरं दिसत असलं तरी न्याच, कारण काही विषं उशिरा चढतात.

बंधूंनो, त्या दिवशी ती बाटली मी भरली होती. मी बी.एस्सी. ॲग्री झालेला माणूस. मला सगळं ठाऊक होतं, आणि तरी हातून घडलं, कारण बाटली समोर पडली होती आणि घाई होती. तुमच्याही हातून घाईतच घडेल. म्हणून आज सांजेला, जेवायला बसण्याआधी, घरातून एक फेरी मारा. पोराच्या उंचीला गुडघ्यावर बसून बघा, काय काय हाताला लागतं ते. जे सापडेल ते उचला आणि पेटीला कुलूप लावा.



ध्यानात ठेवा

1. विष मूळ डब्यात, लेबलासह आणि कुलपात ठेवावे.
2. सरबताच्या, पाण्याच्या किंवा तेलाच्या बाटलीत विष ओतू नये. उघडे विष कुणाला देऊ नये.
3. फवारणीनंतर आधी अंघोळ करावी, मग पोराला घ्यावे.
4. विष लावलेले बियाणे आणि उंदराच्या गोळ्या पोराच्या हाती लागू देऊ नयेत.
5. शेततळ्याला कुंपण घालावे. पाण्याने भरलेली बादली उघडी ठेवू नये.
6. पोराजवळ कोण, हे रोज सकाळी नाव घेऊन ठरवावे.
7. विषबाधा झाल्यास उलटी करवू नये. डबा घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. दूरध्वनी 108.