थंडीतलं तळं

जासई, गव्हाण, चिरनेर या आपल्या गावांच्या पट्ट्यात तळ्याचं पाणी गोठत नाही. पण आपल्या रोहू-कटल्याला मानवतं ते 25 ते 30 अंशांचं पाणी. पौषातल्या पहाटे ते 20च्या आसपास उतरलं की मासा सुस्तावतो, तळ गाठतो, खाणं कमी करतो.

इथेच घात होतो. आपण मायेने नेहमीइतकीच शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा टाकत राहतो. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू संपवतं. म्हणून थंडीत खाद्य निम्म्यावर आणा, तेही ऊन चढल्यावर, अकरानंतर. ते पसरट टोपलीत ठेवून पाण्यात सोडा. दोनेक तासांनी टोपली वर काढा. पेंड शिल्लक दिसली तर उद्या आणखी कमी.

पाणी पाच फुटांखाली जाऊ देऊ नका, खोल पाणी लवकर गारठत नाही. रोगाला आळा बसावा म्हणून थंडी सुरू होतानाच गुंठ्याला दोन किलो चुना भिजवून, पूर्ण गार करून शिंपडा. अंगावर लाल चट्टे, खवले निघालेले, असा मासा दिसला तर तो लाल व्रणांचा रोग असू शकतो. हा रोग थंडीत जास्त बळावतो. असा मासा काढून खोल पुरा, खाडीत फेकू नका, आणि मत्स्यव्यवसाय विभागाला लगेच कळवा. ऐन गारठ्यात जाळं तर फिरवूच नका. खरचटलेल्या कातडीतून हा रोग सहज आत शिरतो.